टिपणीस सरांचा निष्कर्ष

टिपणीस सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं भिवंडीत अजून पुष्कळ आहेत. मी त्यातली नाही.

मी त्यांच्याबरोबर अठरा वर्षं एकाच शाळेत शिकवलं. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. आमचे वर्ग शेजारी, मध्ये फक्त लाकडी फळ्यांची अर्धी भिंत. त्यामुळे त्यांचं शिकवणं मी त्यांच्या विद्यार्थ्यांइतकंच ऐकलं आहे. मी कविता शिकवत असले की पलीकडून त्यांचा आवाज येई, "ऐकीव सांगू नकोस. पुरावा दे." माझी मुलंसुद्धा हसायची. एखाद्याने गृहपाठ घरी विसरला म्हटलं की बाकीची एका सुरात ओरडत, "पुरावा!"

उंच, सडपातळ माणूस. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आणि शाळेचा खडू भुसभुशीत असतो म्हणून स्वतःच्या पैशाने आणलेला खडू. टिपणिसांचं घर भिवंडीत चार पिढ्यांपासूनचं. आजोबा मामलेदार कचेरीत, वडील कोर्टात. हे ते सांगत नसत, पण समोरच्याच्या घराण्याची चौकशी मात्र करत. "कुठले तुम्ही? मूळचे कुठले?" नव्या शिक्षकाला पहिला प्रश्न हाच. उत्तर ऐकून मान हलवत, जणू एका नोंदीसमोर खूण केली.

त्यांना शिकवता येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. फार उत्तम येत होतं, आणि माझ्या रागाचं अर्धं कारण तेच आहे. बेडकाचं हृदय असं समजावत की फळीपलीकडे बसून मलाही कळायचं. रविवारी मुलांना फुकट बोलावून शिकवत. कापडाच्या लूमवर रात्रपाळी करणाऱ्या बापांच्या मुली त्यांच्या हाताखालून डॉक्टर झाल्या. शाळेचा दहावीचा निकाल त्यांच्या जोरावर उभा होता, त्यामुळे मुख्याध्यापक त्यांच्यापुढे खुर्चीवरून निम्मे उठत. असा माणूस चुकू लागला की त्याला सांगणार कोण?

एकदा त्यांनी नववीची सहल वज्रेश्वरीला नेली. मीही होते. गरम पाण्याच्या कुंडात एक म्हातारी गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसली होती. सरांनी तिच्या शेजारीच पाण्यात थर्मामीटर घातला, मुलांना आकडा वाचायला लावला आणि म्हातारीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ही उष्णता देवीची नाही. जमिनीखालच्या खडकाची आहे."

म्हातारीने मान वर केली. "खडक कोनाचा रं बाबा?"

मुलं खो खो हसली. मीही हसले. सर हसले नाहीत. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले, आणि सोमवारी हसणाऱ्या मुलांना ओळखून ओळखून उभं केलं. प्रत्येकाला उष्ण झऱ्यांवर चार पानं लिहायची शिक्षा. त्या दिवशी मला कळलं की या माणसाला चूक सहन होते, समोरच्याची असेल तर. हसू अजिबात सहन होत नाही.

दुसरी गोष्ट लोक त्यांच्या कौतुकात सांगतात. खारबावहून येणारा एक मुलगा होता, विलास. घर स्टेशनाला लागून, लहानपणापासून इंजिनांवर जीव. त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. सरांकडे रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक होतं, रंगांधळेपणा तपासायचं. आनुवंशिकता शिकवताना त्यांनी एकेका मुलाला त्यातले आकडे वाचायला लावले. विलासला तीन पानांवर आकडा दिसला नाही. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तू ड्रायव्हर होणार नाहीस. लाल-हिरवा तुला कळत नाही. आणि हे तुला तुझ्या आईकडून आलंय."

खरं होतं. पुढे रेल्वेच्या तपासणीत तो नापास होऊन रडला असता, त्यापेक्षा बरं झालं, असं लोक म्हणतात. असेल. पण तो मुलगा त्या संध्याकाळी घरी जाऊन आईला म्हणाला, "तुझ्यामुळे." चार दिवस तिच्या हातचं जेवला नाही. आईने शाळेत येऊन मला विचारलं, "बाई, मी त्याला काय दिलं वो?" मी सरांना हे सांगितलं. ते वह्या तपासत होते. म्हणाले, "एक्स गुणसूत्र दिलं. त्यात तिचा दोष नाही, पण दिलं तिनेच." आणि पुढची वही उघडली.

आता भोईरांच्या मुलीचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. सरांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की दूध पचण्या-न पचण्यामागचा जनुकातला बदल शास्त्रज्ञांना सापडला आहे. तो आठवडाभर ते दुसरं काही बोलत नव्हते. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की कपाकडे बोट दाखवून सुरू होत. तान्ह्या बाळाला दूध पचतंच. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर, एन्झाइम, त्याच्या आतड्यात असतं. वाढत्या वयात जगातल्या बहुतेक माणसांत ते कमी होत जातं. मग दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. काही जणांमध्ये मात्र जनुकाजवळ एक बारीकसा बदल असतो आणि त्यांचं विकर मोठेपणीही टिकतं. हा बदल प्रभावी. आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरतो.

"म्हणजे बघा," ते म्हणायचे, "मेंडेलचे वाटाणे कशाला? आपल्या घरातच सगळं आहे."

इथवर सगळं बरोबर होतं. त्यांनी नववीच्या मुलांना घरून माहिती आणायला सांगितली. आजी-आजोबा, आई-वडील, भावंडं, कोणाला दूध पचतं, कोणाला नाही. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. पचत असेल तर काळं भरायचं, नसेल तर कोरं ठेवायचं. पन्नासेक घरं तक्त्यांवर आली. मुलांना फार मजा वाटली, हेही सांगायला हवं.

प्रणाली भोईर त्या वर्गात होती. खारबावच्या बाजूचं मूळचं शेतकरी घर. बापाने, जगन भोईरने, जमिनीवर शेड बांधून लूमवाल्यांना भाड्याने दिल्या होत्या आणि कुटुंब भिवंडीत आलं होतं. मुलगी गोरी, घाऱ्या डोळ्यांची. आईबाप दोघेही सावळे. या गोष्टीवर पोरं आधीपासून चिडवायची, ते मला नंतर कळलं. सरांना ते माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. माहीत नसेल असं धरून चालते.

मी पलीकडे व्याकरण शिकवत होते. सरांचा आवाज आला.

"भोईर, उभी राहा. तुझ्या घरी दूध कोण पितं?"

"मी, सर."

"वडील?"

"त्यांना त्रास होतो, सर. चहापण कोरा लागतो."

"आई?"

"आईलापण पचत नाय. माझ्या जन्मापासूनच नाय."

"ऐकीव नाही ना? विचारलंस?"

"विचारलं, सर. आईच बोलली."

फळ्यावर खडूचा आवाज. चौकोन कोरा, वर्तुळ कोरं, खाली एक वर्तुळ, ते भरल्याची खरखर. मग सर वर्गाला म्हणाले, "दोघांकडेही नाही आणि मुलीकडे आहे. असं होऊ शकतं का? विचार करा. कुठून येणार?"

वर्गात पहिली येणारी मुलगी, तिचं नाव मी लिहीत नाही, तिचा स्वच्छ आवाज आला. "होऊ शकत नाही, सर. मग ती त्यांची मुलगी नसणार."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मी खडू हातात धरून उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस थांबवेल, विषय बदलेल, कमीत कमी गप्प राहील.

"निष्कर्ष बरोबर," टिपणीस सर म्हणाले. "दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष बरोबर. बस खाली. पुढचं घर."

मी पलीकडे गेले नाही. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत म्हटलं, "सर, ते जरा जास्त झालं." ते म्हणाले, "बाई, तुमच्या विषयात भावना चालतात." मी पुढे काही बोलले नाही. मुख्याध्यापकांकडेही गेले नाही. मार्चमध्ये परीक्षा होत्या, आणि मला त्या माणसाची भीती वाटत होती. हे त्यांच्या खात्यावर टाकत नाही, माझंच आहे.

भिवंडीत गोष्ट पसरायला दोन दिवस लागत नाहीत. मुलांनी घरी सांगितलं, घरच्यांनी नाक्यावर. जगन भोईरला त्याच्याच शेडमधल्या एका लूमवाल्याने हसत हसत विचारलं, "सेठ, सुना है स्कूल में आप का हिसाब गलत निकला?" जगन त्याला काही बोलला नाही. घरी येऊन बायकोलाही काही बोलला नाही. एवढंच झालं की रोज तो मुलीला मोटरसायकलवरून शाळेत सोडायचा, ते बंद झालं. म्हणाला, शेडवर काम आहे. जेवायलाही उशिरा येऊ लागला, सगळ्यांचं झाल्यावर.

रविवारी दुपारी सुनंदा भोईर, प्रणालीची आई, माझ्या घरी आली. मी तिला पालक सभेत दोनदा पाहिलं होतं. भरदार बांधा, हिरव्या बांगड्या, बोलणं रोखठोक. त्या दिवशी ती दाराशीच उभी राहिली.

"बाई, तुमी मराठीच्या. मला सरळ शब्दात सांगा. दूध पितं पोरगं, त्याच्यावरून मास्तरला कसं कळतं मी काय केलं?"

मी तिला आत घेतलं. मला जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मला दूध पचलं असतं तर मी चांगली?"

मी तिच्यापुढे पाणी ठेवलं. मग विचारलं, "तुम्हाला नक्की कधीपासून पचत नाही?"

"परनालीच्या टायमाला. बाळंत झाली नि पंध्रा दिसांनी हगवण लागली. महिनाभर. सलाईन लावली. डॉक्टर बोलला, दूध बंद. तवापासून बंद."

"त्याआधी?"

"त्याच्या आदी पीत होती की. माहेरी म्हशी होत्या आमच्या."

मी डॉक्टर नाही, पण एवढं मलाही कळत होतं. चौदा वर्षांत ही बाई पुन्हा दूध प्यायलीच नव्हती. पचतं की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. आणि तिच्या एका वाक्यावर सरांनी फळ्यावर कोरं वर्तुळ काढलं होतं.

ठाण्याला पोटाच्या विकारांच्या एक डॉक्टर बाई होत्या, माझ्या बहिणीच्या ओळखीतल्या. आम्ही दोघी तिकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हगवणीने आतड्याचं अस्तर खराब झालं की काही आठवडे दूध पचत नाही, मग बहुतेकांचं भरून येतं, त्या म्हणाल्या. "आणि मला पचत नाही असं माणूस सांगतो, ते निदान नव्हे. तपासावं लागतं." मुलीचं वय विचारलं. चौदा ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं. "हे विकर कमी व्हायचं वय प्रत्येकाचं वेगळं असतं. चौदाव्या वर्षी दूध पचतं यावरून कशाला काही ठरवायचं? मुळात आईबाप कोण, हे यावरून सिद्धच करता येत नाही. कोण हे तुमचे सर?"

सुनंदा म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. माझी तपासनी करा. कागद पायजे मला."

पुढच्या मंगळवारी सकाळी उपाशीपोटी तपासणी. मी रजा काढली. पहिल्यांदा रक्त घेतलं. मग पाण्यात लॅक्टोजची भुकटी ढवळून मोठा ग्लास दिला. यानंतर दर अर्ध्या तासाने रक्त, दोन तास. पचलं तर दुधातली साखर फुटून रक्तातली साखर वर चढेल. नाही पचलं तर जिथल्या तिथे राहील, आणि पोट बिघडेल.

तिने ग्लास एका दमात रिकामा केला. मग बाकावर बसली, पदराखाली पोटावर हात ठेवून. शेजारी एक म्हातारा मोठ्याने खोकत होता. दुसऱ्या सुईनंतर तिने माझं मनगट धरलं.

"बाई, गुडगुडलं."

"भुकेने असेल."

"न्हाय वो. खाली गुडगुडलं."

तिच्या कपाळावर घाम होता. ही बाई एकटीने शेडच्या भाडेकऱ्यांशी भांडणारी, आणि ती स्वतःच्या पोटाला घाबरून बसली होती. मला तेव्हा टिपणीस सर दिसले असते तर काय केलं असतं, ते लिहिणं बरं नाही. माझ्या आयुष्यात मी कोणाचा इतका द्वेष केलेला नाही, आणि मी तेव्हा बेचाळीस वर्षांची, गांधीवादी घरात वाढलेली बाई.

पुन्हा गुडगुडलं नाही. पाच सुया झाल्या. दुपारी कागद मिळाला. उपाशीपोटी साखर चौऱ्याऐंशी, तासाभराने एकशे एकोणीस. वीसनेही वाढली असती तरी पुरलं असतं. डॉक्टर बाईंनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की या स्त्रीला दूध व्यवस्थित पचतं. मग म्हणाल्या, "मुलीला तुमच्याकडूनच आलं असणार. मिस्टरांना तपासायची काही गरज नाही."

सुनंदाने कागद घडी न करता पिशवीत उभा ठेवला. परतीच्या गाडीत ती रडेल असं वाटलं होतं. ती झोपली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. मला बरोबर यायला सांगितलं होतं. सर परीक्षानळ्या धूत होते. तिने कागद टेबलावर ठेवला.

"सर, तुमी पुरावा पुरावा बोलता. हा घ्या."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद नीट वाचला. चेहऱ्यावर खरंच रस दिसत होता. "दर अर्ध्या तासाने घेतलं? वा. पद्धतशीर काम आहे." मग कागद परत करत म्हणाले, "म्हणजे तुम्ही मुलीला माहितीच चुकीची दिली. दिलेल्या माहितीवर निष्कर्ष बरोबरच होता."

सुनंदाने कागद पिशवीत ठेवला. "माझा नवरा माझ्या ताटाला ताट लावून जेवत न्हाय तीन आठवडे."

"ते मी कसं सांगणार? मी कुणाच्या घरात गेलो नाही."

"माफी नको मला तुमची," ती म्हणाली. "जिथं बोलले तिथंच बोला. त्याच वर्गात. मोठ्यानं."

"अवश्य," सर म्हणाले. "चूक दुरुस्त करायलाच हवी."

आणि त्यांनी केली. पुढच्याच तासाला. फळीपलीकडून मी शब्दन् शब्द ऐकला. "तक्ता क्रमांक सतरा काढा. भोईर. आईचं वर्तुळ कोरं आहे, ते काळं करा. माहिती देण्यात घरच्यांची चूक झाली होती." पेन्सिलींचा आवाज. "झालं? आता धडा सहा."

प्रणाली वर्गात नव्हती. तिने दहा दिवसांपूर्वीच शाळा सोडली होती.

मी सुनंदाला नंतर एकदा भेटले, त्यांच्या घरी. जगन बाहेर ओट्यावर बसला होता, मला बघून उठून गेला. मी विचारलं, "त्यांना कागद दाखवलात?"

"दाखवला. बोलले, मी कुठं काय बोललो तुला?" ती चहा ओतत होती, माझ्यासाठी दुधाचा. "हेच तर ना बाई. काय बोललेच न्हाय. बोलले असते तर मी भांडली असती."

तो हळूहळू पूर्ववत झाला, असं ती म्हणाली. मुलीला सोडायला मात्र पुन्हा गेला नाही, कारण सोडायला मुलगी राहिली नव्हती. प्रणालीला मामाकडे वाड्याला ठेवलं होतं. तिथून ती दहावी झाली, पुढे शिकली. एका लग्नात मला दिसली. मी हात वर केला. तिने बघितलं आणि दुसरीकडे वळली. आमच्या शाळेतल्या कोणालाच ती ओळख देत नाही, मलाही नाही. बरोबर आहे. मीही त्याच फळीच्या पलीकडे होते.

त्या वर्षी विज्ञानाचा निकाल उत्तम लागला. सरांचा सत्कार झाला. दूध आणि आनुवंशिकता यांवरचे मुलांचे तक्ते हॉलमध्ये लावले होते, सतरा नंबरचाही, खाडाखोड केलेला. मी दुपारी हॉल रिकामा असताना तो काढून फाडला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर निवृत्त झाले. मी त्यांच्या निरोप समारंभाला गेले नाही. त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. भिवंडीच्या एसटी स्टँडवर, उन्हाळ्यात. मी गणेशपुरीच्या गाडीची वाट बघत होते. ते समोरून आले. बरेच वाळले होते, पण शर्ट तसाच कडक. मला टाळता आलं नाही.

"बाई, बरं झालं भेटलात," ते म्हणाले. तब्येतीचं नाही, शाळेचं नाही. "ती भोईरची मुलगी. आता एकवीस-बावीसची असेल ना?"

मला वाटलं, आता या माणसाला काहीतरी म्हणायचं आहे. मी थांबले. खरं सांगते, त्या क्षणी मी त्यांना माफ करायला निघाले होते.

"तिची आता तपासणी व्हायला हवी," ते म्हणाले. "मी पुढे पुष्कळ वाचलं. चौदाव्या वर्षीचं पचन धरता येत नाही. आपण वय लक्षातच घेतलं नव्हतं. आता तपासली तर नक्की कळेल."

"सर, कळलंय. तेव्हाच कळलं."

"आईचं कळलं," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "मुलीचं कुठे कळलं?"

गाडी लागली. ते माझ्या आधी चढले, खिडकीशी बसले, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून मला हाताने बोलावू लागले. गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टरने मला विचारलं, "बाई, येताय ना?"

मी नाही म्हटलं. पुढची गाडी दीड तासाने होती.